कडुनिंबाला बांधलेलं टोक

एका गावात अमोस नावाचा एक दोरवाला होता. लहानपणी त्यानं एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर त्याला कधीच कुणी दिलं नाही.

त्याचा बाप दोर वळता वळता गेला. सकाळी पीळ घालायला बसला आणि छातीवर हात धरून तिथंच कलंडला. लोक धावत आले, त्याला आत नेलं, घरात रडारड सुरू झाली. अमोस नुकता शाळेत जायला लागला होता. तो अंगणातच उभा राहिला. कडुनिंबाखाली अर्धा वळलेला दोर पडला होता आणि त्याचे पेड एकमेकांपासून सुटत चालले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बाहीला धरून तो विचारत होता, "अर्धाच राहिला. तो आता कुणाचा?" कुणी त्याला पोटाशी धरलं, कुणी दटावलं, कुणी हातावर गुळाचा खडा ठेवला. उत्तर कुणीच दिलं नाही.

त्याचा मोठा भाऊ ओबेद तेवढा बाहेर आला. त्यानं सुटत चाललेलं टोक सुतळीनं आवळून बांधलं आणि दोर खुंटीला अडकवला. पुढं त्या आखूड दोराचं दावं झालं आणि कुणाच्या तरी गायीच्या गळ्यात गेलं.

दोर वळणं एकट्याचं काम नाही. घायपाताची पानं ओढ्यात भिजत घालायची, कुजली की बडवायची, धुऊन आतले धागे म्हणजे वाख काढायचा, तो उन्हात वाळवायचा, इथवर एक माणूस पुरतो. पण पेड एकत्र करून त्यांना पीळ घालायचा तर दोघं लागतात. एकजण बसून फिरकी फिरवतो, दुसरा समोर टोक धरून ताण देतो. समोरच्यानं ताण सैल सोडला की पीळही सैल पडतो. बाप गेल्यावर ओबेद फिरकीवर बसू लागला आणि समोरचं टोक अमोसच्या हातात आलं. अमोसची शाळा तिथंच संपली. वर्षानुवर्षं दोघं भाऊ एकमेकांकडे तोंड करून बसत आले.

दोघांचे स्वभाव मात्र दोन तऱ्हेचे. ओबेद संध्याकाळी टोक बांधल्याशिवाय उठायचा नाही. दोर कितीही अपुरा असो, तो टोक सुतळीनं बांधायचा, त्यावर तळहात ठेवायचा आणि म्हणायचा, "आजचं झालं, प्रभू." दिवसभरात कुणाशी तंटा झाला असेल तर जेवायच्या आधी त्याच्या दारात जाऊन यायचा. भांडण शिळं करून ठेवायची त्याला सवयच नव्हती. अमोसचं सगळं उद्यावर. डोकं तापलं की हातातलं टोक सोडून तो चालू पडायचा. ताणलेला दोर असा मध्येच सोडला की तो सापासारखा वळवळतो आणि त्याचा गुंता होतो. ओबेद तो गुंता सोडवत बसायचा. अमोस परत आला की म्हणायचा, "झालं का फिरून? धर." बस्स, एवढंच.

त्या गावात ख्रिस्ती मंडळी होती. टेकडीच्या पायथ्याला काळ्या दगडाचं चर्च होतं आणि वर मनोऱ्यात घंटा. गावात कुणाला माती द्यायची असली की पेटी घरातून निघाल्यापासून कबरस्तानात पोचेपर्यंत घंटा वाजायची, सावकाश, एक एक टोला. तो ऐकून रानातली माणसं खुरपी ठेवायची आणि मातीला निघायची. ज्यांना निघता येत नसे ती जागच्या जागी हात जोडून उभी राहायची.

एका पावसाळ्यात घंटेचा दोर कुजून तुटला. कुणी मनावर घेतलं नाही. तेवढ्यात म्हातारी मार्थाबाई वारली. तिची लेक लेआ ओढ्यापलीकडच्या रानात कामाला होती. निरोप्या चुकीच्या रानात गेला आणि घंटा तर मुकीच होती. लेआ संध्याकाळी गवताचा भारा घेऊन गावात आली तेव्हा आईच्या मातीवरची फुलंसुद्धा सुकली होती. ती भारा डोक्यावर तसाच ठेवून कबरेपाशी उभी राहिली. ओबेदनं ते बघितलं.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर तो मंडळीपुढं उभा राहून म्हणाला की घंटेचा दोर मी देतो. कुणी म्हणालं, एवढा लांब दोर कशाला वळत बसता, तालुक्याच्या बाजारात नायलॉनचा मिळतो. ओबेद म्हणाला, "गावात दोन दोरवाले बसलेत आणि घंटेला बाजारचा दोर लावणार? मग आम्ही काय घंटेला लोंबकळायचं?" लोक हसले. दोराचं काम ओबेदकडे लागलं.

घंटेचा दोर म्हणजे मनोऱ्यापासून खालपर्यंत एकसंध. मध्ये गाठ चालत नाही, गाठ कप्पीत अडकते. दोघा भावांनी वाख तयार केला आणि दोर घातला. सुरुवातीचे काही हात असे वळले गेले की नखसुद्धा शिरू नये. मग ओबेदला खोकल्याबरोबर रक्त पडू लागलं.

तालुक्याच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टरनं तो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि अमोसला बाजूला घेऊन सांगितलं की रोग फार पुढं गेला आहे, आता गोळ्या द्यायच्या त्या दुखू नये म्हणून. त्यांना घरी न्या आणि जवळ बसा. ओबेद बाकावर बसून सगळं ऐकत होता. परतीच्या एसटीत तो खिडकीतून पिकं बघत आला. गाव जवळ आल्यावर म्हणाला, "दोर उरकायला पाहिजे."

अमोसच्या अंगाचा तिळपापड झाला. तो एसटीतच ओरडला की तुला दोर सुचतोय, मला तू जगायला हवा आहेस. मागच्या बाया वळून बघायला लागल्या. ओबेदनं त्याच्या मांडीवर थापटलं आणि पुन्हा बाहेर बघू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओबेद फिरकीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "आज बसतोस का?" अमोस म्हणाला की डोंगरात एक वैद्य आहे म्हणतात, त्याची मुळी आणतो, आलोच जाऊन. तो गेला तो आठवडा घालवून आला. मुळी इतकी कडू होती की तिच्या नुसत्या वासानं ओबेदच्या बायकोनं, दीनानं, नाकाला पदर लावला. ओबेदनं काढा मुकाट्यानं पिऊन टाकला. नंतर दीनाला म्हणाला, बिचारा एवढा चालून आला, काढा थुंकून कसा टाकू?

थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. ओबेद अंगणात येऊन विचारायचा, आज बसतोस का. अमोस पायात चपला घालत असायचा. तो फोटो पिशवीत घालून दूरच्या मोठ्या दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरनं तेच सांगितलं. अमोस त्यांच्याशी भांडून आला. कुणी एक झरा सांगितला, त्याचं पाणी भरून आणलं. घरातल्या दोघा कमावणाऱ्यांचं काम बंद पडलेलं, म्हणून दीना दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. ओबेद दिवसभर एकटा.

पाळकसाहेबांनी अमोसला चावडीपाशी गाठून सांगितलं की औषध आणलंस ते चांगलं केलंस, पण आता घरी थांब. प्रार्थना अंगणातूनही वर पोचते. अमोस म्हणाला, "तुमचा भाऊ असता म्हणजे कळलं असतं." पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात काढला नाही. अमोसनंच तो झटकला.

मग शहरात मोठी प्रार्थनासभा भरणार असल्याचं अमोसच्या कानावर आलं. तिथं मंतरल्यासारखं तेल मिळतं, ते लावून माणसं उठून चालायला लागली, असं कुणीतरी सांगितलं. त्यानं पिशवी भरली. सकाळचं ऊन नुकतं अंगणात उतरत होतं. ओबेद भिंतीला धरून धरून कडुनिंबापर्यंत आला आणि फिरकीपाशी टेकला. त्याच्या गळ्याची हाडं मोजता आली असती.

"आज बसतोस का?" तो म्हणाला.

"आज नको दादा. तेल घेऊन येतो. मग बसतो की. कायमचा बसतो."

"कायमचं मला नको. आजचं दे."

अमोस पिशवीचा बंद आवळत राहिला. ओबेदनं त्याला हाक मारून जवळ बसवलं. म्हणाला की मला कुठं जायचंय ते मला ठाऊक आहे, तिथं माझ्यासाठी जागा करून ठेवलेली आहे, त्याची भीती वाटत नाही. "पण दोर इथंच वळावा लागेल. तिथं घायपात नसणार."

"तुला काय माहीत?"

"असती तर कुजलेल्या पानांच्या वासानं लोकांनी स्वर्गाला दुसरंच नाव ठेवलं असतं."

अमोसला हसू आलं. पोटातून आलं. हसता हसता त्याला भावाचे उरलेसुरले दात दिसले, खोलवर गेलेले डोळे दिसले, आणि आपण हसलो याचाच त्याला संताप आला. तो उठला आणि मागं न बघता एसटीच्या रस्त्याला लागला. ओबेदनं त्याला थांबवलं नाही.

सभेत खूप गर्दी होती. अमोस तीन दिवस रांगेत राहिला, आणि अखेर त्याच्या हातात तेलाची एक लहानशी बाटली आली. बाटली सांडू नये म्हणून तो एसटीत उभ्यानं आला. गावच्या फाट्यावर उतरून पळतच निघाला. वळणावरून घर दिसलं, आणि अंगणात चपलाच चपला दिसल्या.

ओबेद दुपारी गेला होता. अमोस संध्याकाळी पोचला.

पेटीतला भाऊ त्यानं बघितला. त्याचे केस कुणीतरी नीट विंचरले होते. बाटली खिशात होती ती खिशातच राहिली. बायका त्याला बघून जास्तच रडायला लागल्या, तसा तो बाहेर आला आणि कडुनिंबाखाली गेला. तिथं दोर होता. आपण शेवटचं बसलो तेव्हा काही हातच झालेला दोर, त्याच्याकडे नंतर आपण वळून बघितलंच नव्हतं, तो आता लांबलचक वेटोळं होऊन पडला होता. एक टोक बुंध्याला बांधलेलं होतं.

दीनानं मागून येऊन सांगितलं. अमोस बाहेर असला की ओबेद समोरचं टोक झाडाला बांधायचा. इकडे बसून थोडा पीळ घालायचा, मग उठून चालत जायचा, पेड दाबून बसवायचा, पुन्हा येऊन बसायचा. जरा काम झालं की श्वास लागायचा. ती म्हणाली होती, मी रानात जात नाही, मी धरते टोक. तर तो म्हणाला, राहू दे, ते टोक अमोसचं आहे, तो येईल.

अमोसनं दोर हातात घेतला आणि बोटं फिरवत पुढं पुढं सरकू लागला. दोघांनी मिळून वळलेला भाग काठीसारखा होता. पुढंही काही अंतर पीळ चांगला बसला होता. मग तो मऊ पडू लागला. आणखी पुढं बोट शिरायला लागलं. शेवटी पेड नुसते एकमेकांवर टेकले होते, लहान मुलानं घातलेल्या वेणीसारखे. भावाची ताकद कशी कशी ओसरत गेली ते बोटांना कळत होतं. आणि फिरकीकडचं टोक मोकळं होतं. सूर्य डोक्यावर असताना, काम चालू असतानाच तो गेला होता. टोक बांधायची वेळ झालीच नव्हती.

पाळकसाहेब जवळ आले. अमोसनं ते मोकळं टोक त्यांच्यापुढं धरलं आणि विचारलं, "अर्धाच राहिला. तो आता कुणाचा?"

पाळकसाहेबांनी दोराकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला.

मातीची वेळ दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ठरली. मनोऱ्यात घंटा अजून मुकीच होती. लोक आपसांत म्हणत होते की ज्यानं घंटेचा दोर अंगावर घेतला त्यालाच घंटेविना न्यायची पाळी आली.

उजाडताच अमोस विळा घेऊन कडुनिंबाखाली आला. तो सैल भाग त्याला बघवत नव्हता. एवढा कापून काढावा आणि उरलेल्या चांगल्या दोरातूनच पुढं वळायला घ्यावं, असं त्याच्या मनात होतं. त्यानं विळा टेकवला, तोच दीना घरातून बाहेर आली. रात्रभर रडून तिचा आवाज बसला होता.

"तेवढ्याला हात लावू नको," ती म्हणाली.

"वहिनी, हा ताण धरणार नाही. ओढताना तुटेल."

"मग धरेल असं कर."

अमोसनं विळा बाजूला ठेवला. त्यानं लाकडाची अणकुचीदार खुंटी घेतली आणि भावाच्या सैल पिळात हलकेच फट पाडून आपला एक नवा पेड त्यातून ओवायला सुरुवात केली. घट्ट भागात त्याची सुरुवात रोवली, सैल भागातून त्याला पिळाच्या वळणावळणानं नेलं. भावाचा एकही धागा काढला नाही. जिथं तो सैल होता, तिथं याचा पेड त्याला आतून धरून राहिला.

पण पुढचा दोर वळायचा तर समोर माणूस हवा. दीना गेली, पदर खोचला आणि टोक हातात घेऊन बसली. अमोसनं ते बुंध्याचं बांधणं सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा तो फिरकीवर, भावाच्या जागी बसला. तिथून समोर बघितलं तर दीनाच्या मागं कडुनिंबाचा बुंधा होता आणि त्याच्यावरची साल दोराच्या घासण्यानं एका रेषेत सोलून गेली होती. दादा इतके दिवस इथं बसून समोर काय बघत होता, ते अमोसला तेव्हा कळलं.

रिबकाआत्या, त्याच्या बापाची बहीण, दारात येऊन उभी राहिली. ती तोंडाची फटकळ. म्हणाली, "घरात मयत आणि अंगणात धंदा. नवऱ्याजवळ बसायचं सोडून बाई दोर वळते."

"मी त्यांच्याजवळच बसलेय, आत्या," दीना म्हणाली.

आत्या खाली उतरली, वाखाची पेंडी उचलली आणि बट सुटी करून अमोसच्या हातात देऊ लागली. डोळे पुसायला तिला हात मोकळा मिळेना, तशी ती खांद्यालाच गाल घासत राहिली.

दीनानं याआधी कधी ताण धरला नव्हता. अमोस मधूनमधून सांगत होता, वहिनी, सोडू नका, मागं रेला. ती सगळं अंग मागं टाकून बसली होती. रडत होती, पण ताण सुटला नाही. अमोसचे तळवे सोलले. दर वळशाला त्याला वाटत होतं की टाकावं सगळं आणि पळत सुटावं, कुठंही. तो उठला नाही.

दोर पुरा झाला तेव्हा मंडळी जमली होती. घंटा वाजवणारे पौलसबापू चर्चच्या दारात वाट बघत होते. अमोस मनोऱ्यावर चढला. भावाचा भाग त्यानं वर घंटेकडे घेतला, आपला खाली सोडला. खाली उतरला आणि घंटा वर अडकवून ठेवलेली असतानाच सगळ्यांत आधी स्वतः दोराला लोंबकळला. दोरानं त्याला धरलं. वर सैल भागावर त्याची नजर होती. तो भाग ताणला गेला, थरथरला आणि तसाच राहिला.

नव्या वाखानं हात कापतात. त्याला तेल चोळावं लागतं. बापूंनी विचारलं, घरात तेल आहे का. अमोसचा हात खिशात गेला. ती बाटली त्यानं उघडली, बापूंचे हात जिथं पडणार होते तिथं सगळं तेल चोळलं, आणि रिकामी बाटली खिडकीत ठेवली.

बापू म्हणाले, "तू वाजवतोस का? तुझा हक्क आहे."

"नाही बापू. मी दादाबरोबर चालतो."

पेटी उचलली तेव्हा पुढचा उजवा खांदा अमोसचा होता. पहिला टोला पडला. गावानं तो आवाज कित्येक महिन्यांनी ऐकला. माणसं क्षणभर थबकली आणि मग चालू लागली. अमोसला वाटेत भजन म्हणता आलं नाही. तो फक्त टोले ऐकत होता. प्रत्येक टोल्याबरोबर त्याच्या मनात येत होतं की आता दोर तुटेल. तुटला नाही. ओढ्याजवळ पोचले तेव्हा पलीकडून कुणीतरी पाण्यातून धावत येताना दिसलं. लेआ होती. हातात विळा तसाच, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. विळा काठावर टाकून ती चालणाऱ्यांत मिसळली. तिला वेळेवर कळलं होतं.

कबरस्तानात पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. पुनरुत्थानाच्या दिवसाबद्दल ते बोलले, त्या दिवशी भेट होईल असं बोलले. अमोसचा त्यावर विश्वास होता. पण त्याला भेट त्या सकाळी हवी होती, कडुनिंबाखाली, "आज बसतोस का" म्हणून कुणी विचारताना. त्यानं दोन्ही मुठी भरून माती दिली. सोललेल्या तळव्यांना ती झोंबली.

लोक पांगले. दीनाला बायकांनी घरी नेलं. अमोस घरी न जाता चर्चमध्ये गेला. दार उघडंच होतं आणि खिडकीतून सांजेचं ऊन आत आलं होतं. दोर मनोऱ्यातून खाली लोंबत होता. घाईत त्याचं टोक बांधायचं राहून गेलं होतं. बापूंच्या हातांत ओढून ओढून शेवटचे पेड सुटायला लागले होते.

अमोस खाली बसला. कमरेची सुतळी काढली. सुटलेले पेड एकत्र घेतले, पुन्हा पीळ दिला, सुतळीचे वेढे घातले आणि दातांनी ओढून गाठ आवळली. मग त्यावर तळहात ठेवला.

"आजचं..." तो म्हणाला. पुढचे शब्द दादाचे होते. ते त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

त्यानं गाठ पक्की बसली आहे ना, ते आणखी एकदा ओढून बघितलं.

तात्पर्य: कुणाचे किती दिवस उरले ते देवालाच ठाऊक, आपल्या हातात आजचाच असतो. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याजवळ आज बसावं, आणि आजचं काम असं करावं की उद्या आपण नसलो तरी मागं राहिलेल्याला ते पुढं नेता येईल.